खुल्या संग्रहालयातली घरं : ओंडक्यांपासून कुडापर्यंत

खेड्यातलं जुनं घर उतरवून संग्रहालयाच्या आवारात पुन्हा उभारायचं, ही पद्धत स्कँडिनेव्हियात रुजली. त्यामागे सुतारकामाचं कारण आहे. तिथली घरं आडव्या ओंडक्यांची असतात. कोपऱ्यांत खाचा पाडून ओंडके एकमेकांत बसवलेले असल्यामुळे अशी भिंत सुटी करता येते आणि पुन्हा जुळवता येते. शेतकरी घरं अशी हलवतच असत. संग्रहालयांनी त्यांचीच रीत उचलली.

१८८१ मध्ये नॉर्वे-स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर याने क्रिस्तियानियाजवळ (आजचं ओस्लो) बिग्डॉय इथे जुन्या इमारती जमवायला सुरुवात केली. ‘गोल’ नावाच्या गावचं मध्ययुगीन लाकडी चर्च तिथे नव्याने उभं राहिलं. मात्र त्याचा बाहेरचा भाग बराचसा बोर्गुंडच्या चर्चवर बेतून नवा केलेला आहे, त्यामुळे तो अस्सल समजून अभ्यासू नये. स्वीडनमध्ये आर्तुर हाझेलियस यांनी १८८५ मध्ये मोरा भागातलं घर विकत घेतलं आणि ११ ऑक्टोबर १८९१ रोजी स्टॉकहोममध्ये स्कान्सेन हे संग्रहालय खुलं केलं. घराबरोबर भांडी, जनावरं, पारंपरिक पोशाखातली माणसं हवीत हा त्यांचा आग्रह पुढे युरोपभर पसरला. नॉर्वेतल्या लिलेहामरचे दंतवैद्य आंदेर्स सांद्विग यांनी जमवलेली घरं १९०४ मध्ये तिथल्याच माइहाउगेन या संग्रहालयाच्या जागेत गेली.

काम मात्र चिकाटीचं. आधी मोजमापं, नकाशे, छायाचित्रं. मग प्रत्येक ओंडक्यावर भिंत आणि थर सांगणारा क्रमांक. रंग पावसात धुऊन जातो, म्हणून धातूची पट्टी ठोकलेली बरी. उतरवण वरून खाली : छप्पर, वासे, मग एकेक थर. जमिनीलगतचा ओंडका ओल शोषतो, त्यामुळे बहुतेक वेळा तोच कुजलेला निघतो. तो सबंध बदलायची घाई करू नये. कुजका भाग तेवढाच कापून त्याच जातीचं लाकूड तिरक्या सांध्याने जोडावं. थरांमधल्या फटींत शेवाळ नव्याने भरावं लागतं. नवे ओंडके वाळताना जाडीत आकसतात आणि भिंत खाली बसते. दाराच्या चौकटीवर फट ठेवली नसेल तर सगळा भार चौकटीवर येऊन दार अडकतं. गवताळ मातीच्या छपरात पाणी अडवते ती खालची भूर्जसाल (बर्च झाडाची साल), माती फक्त तिला दाबून धरते. साल फाटली की गळती वासे कुजेपर्यंत लक्षातही येत नाही.

मातीच्या भिंतीला क्रमांक घालता येत नाहीत. उतरवली की तिची ढेकळं होतात. भारतात म्हणूनच वेगळी वाट धरावी लागली. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे भोपाळच्या श्यामला टेकडीवर वसलेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात आदिवासी समाजांतल्या लोकांनाच बोलावून त्यांच्या हातून घरं बांधून घेतली. त्यांत वारली घरही आहे. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्र या संग्रहालयाने (१९९६) दोन्ही मार्ग जोडले : पाडली जाणारी घरं विकत घेऊन त्यांचे खांब, दारं, दगड आणायचे आणि त्या त्या प्रदेशातल्या कारागिरांनी ते जुळवायचे. आपल्याकडे इरकली लुगडं ज्या इलकलवरून आलं, तिथल्या विणकराचं घरही दक्षिणचित्रमध्ये आहे. मातीच्या घरांसाठी हीच वाट योग्य वाटते, कारण खरा ठेवा बांधणाऱ्यांच्या हातात असतो.

कुडाच्या घराचंच पाहा. मेढी (लाकडी खांब) जमिनीत पुरायच्या, कारवी या झुडपाच्या काटक्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपायचं. मेढ कुजते ती मातीच्या पातळीवर, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. वाळवीही तिथूनच चढते. वळचणीचं पाणी उडून भिंतीचा खालचा लेप सुटतो, म्हणून पाखं (छपराची उतरती बाजू) पुरेसं पुढे काढावं लागतं. सगळ्यांत मोठी अडचण घर रिकामं असण्याची. नांदत्या घरात चुलीचा धूर रोज छपरात शिरतो, गवत कोरडं राहतं, कीड लागत नाही. संग्रहालयात चूल पेटत नाही आणि शाकार (गवताचं छप्पर) लवकर सडतो. आगीची काळजी घेऊन, माणूस समोर बसवून, ठरावीक दिवशी चूल पेटवणं हा त्यावरचा उपाय. सारवण वरचेवर हवं, शाकारणी पावसाळ्याआधी व्हायला हवी. ती शक्यतो मूळ गावच्या माणसांकडून करून घ्यावी आणि कोणती मेढ, कोणता वासा कधी बदलला याची नोंद नकाशावर ठेवावी. नाहीतर वीस-पंचवीस वर्षांनी जुनं काय उरलं हे सांगता येत नाही.