उतरलंच नाही, की उतरून परत चढलं? दुसऱ्या ऑपरेशनआधी पाहायचा फरक

वजन कमी करायचं ऑपरेशन झालेली माणसं चार-पाच वर्षांनी समोर येऊन बसतात, तेव्हा बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, ऑपरेशन फेल गेलं. दुसरं करून घेऊ का?" मी आहारतज्ज्ञ आहे, ऑपरेशनचा निर्णय सर्जनचा. पण या माणसांच्या वजनाचे तक्ते वर्षानुवर्षं माझ्याकडे असतात. त्यावरून सांगते, 'फेल' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एकाचं वजन मुळात पुरेसं उतरलेलंच नसतं. दुसऱ्याचं छान उतरलेलं असतं आणि मग परत चढतं.

दोन तक्ते शेजारी ठेवून पाहू. दोघांचं ऑपरेशन एकच, स्लीव्ह. त्यात जठराचा बाहेरच्या बाजूचा साधारण पाऊण भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते.

पहिले गृहस्थ ऑपरेशनच्या दिवशी १३८ किलो होते. दीड वर्षात कमीत कमी ११७ पर्यंत आले आणि तिथेच थांबले. आज ११९. दुसऱ्या बाई ११२ किलोंच्या होत्या, दीड वर्षात ७८ वर आल्या. पाचव्या वर्षी ९१. दोघंही म्हणतात, फेल गेलं.

आता हिशोब करा. गृहस्थांचे २१ किलो गेले, म्हणजे मूळ वजनाच्या १५ टक्के. बाईंचे ३४ किलो गेले होते, म्हणजे ३० टक्के. त्यातले १३ परत आले. या क्षेत्रातल्या आयएफएसओ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२४ मध्ये जी व्याख्या मांडली, तिच्यानुसार मूळ वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी घट झाली तर तो 'सुरुवातीचा अपुरा प्रतिसाद'. आणि उतरलेल्या वजनापैकी ३० टक्क्यांहून जास्त परत आलं, तर ते 'पुन्हा वाढलेलं वजन'. बाईंचं ३८ टक्के परत आलंय. म्हणजे गृहस्थ पहिल्या गटात, बाई दुसऱ्या. याच व्याख्येत किलोंच्या जोडीला मधुमेह, रक्तदाब, झोपेतला श्वास यांची सुधारणाही मोजतात. माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची.

इथे एक तिसरा गट बाजूला काढायला हवा, कारण विनाकारण घाबरलेली माणसं त्यातच जास्त असतात. सर्वांत कमी आकडा गाठल्यावर थोडं वजन परत येणं ही शरीराची नेहमीची चाल आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपास (जठराची लहान पिशवी वेगळी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडायचं ऑपरेशन) केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं. दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. ७८ वर गेलेली व्यक्ती ८१-८२ वर स्थिरावली, तर तिला कुठल्याच ऑपरेशनची गरज नाही. तिला कोणीतरी शांतपणे हे सांगायला हवं, एवढंच.

आता गृहस्थांकडे येऊ. ज्याचं उतरलंच नाही, त्याच्या बाबतीत मी पहिला प्रश्न विचारते: ऑपरेशननंतर सहाव्या महिन्यात एका वेळी किती जेवत होतात? ते म्हणाले, "दीड भाकरी, भाजी, वरण-भात. पोट भरल्यासारखं कधी वाटलंच नाही." सहाव्या महिन्यात दीड भाकरी सहज जात असेल, तर जठराचा आकार तपासायलाच हवा. बेरियमचं औषध पाजून काढलेल्या त्यांच्या एक्स-रेत जठराचा वरचा घुमटासारखा भाग बराच शिल्लक दिसला. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः याच भागात तयार होतं. असं स्पष्ट कारण सापडलं, तर दुसऱ्या ऑपरेशनच्या चर्चेला आधार मिळतो. दर वेळी सापडतंच असं नाही. मूळ वजन फार जास्त असणं, जुना मधुमेह आणि इन्सुलिन, काही मानसिक आजारांवरची औषधं, जनुकं, यांमुळेही नीट झालेल्या ऑपरेशनला शरीर कमी दाद देतं. त्यात रुग्णाचा दोष शोधू नये.

बाईंची गोष्ट निराळी. दुपारचं जेवण आजही अर्ध्या पोळीवर थांबतं. चार घास जास्त झाले की छातीत दाटतं. म्हणजे जठर आपलं काम करतंय! मी त्यांना तीन दिवस सगळं लिहून आणायला सांगितलं. वहीत होतं: साडेतीनला चहा आणि दोन मारी, साडेचारला अर्धा कप चहा, साडेपाचला मूठभर चिवडा, सातला फोडणीच्या भाताचे चार घास "उरला होता म्हणून", रात्री दोनला सासूबाईंना उठवताना दूध-साखर. चहा, दूध, बिस्किट, चिवडा, आइस्क्रीम या गोष्टी अरुंद नळीतूनही सरसर खाली जातात, पोट भरल्याचं कळतच नाही. जठर आणखी लहान केलं, तरी चिवडा जाणारच. शिवाय त्यांची थायरॉइडची गोळी चार वर्षं त्याच मात्रेवर होती, आणि दम्यासाठी मधूनमधून स्टेरॉइड चालू होतं. सासूबाईंच्या रात्रीच्या देखभालीमुळे दोन वर्षांची अर्धवट झोप वेगळीच.

वजन परत येणाऱ्यांमध्येही रचनेचा बिघाड असू शकतो: स्लीव्ह रुंदावणं, बायपासमध्ये जोडाचं तोंड मोठं होणं, किंवा जठराच्या दोन वेगळ्या केलेल्या भागांत पुन्हा वाट पडणं. म्हणून एंडोस्कोपी त्यांनाही हवी. पण 'पोट ताणलं गेलं' हे उत्तर तपासणीआधी कोणी देत असेल, तर थांबा. बऱ्याचदा मूळ आजारच परत डोकं वर काढतो, कारण लठ्ठपणा जन्मभराचा आहे. अशांना आहारातला बदल, औषधांची फेरतपासणी, मनाचा आधार आणि गरज असेल तर भूक कमी करणारी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडची इंजेक्शनं हा आधीचा रस्ता. ही दोन्ही २०२५ पासून वजनासाठी भारतात मिळतात. ती चालू असताना खाणं आणखी कमी होतं आणि बंद केली की वजन बहुधा परत वाढतं, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत. रोजची किमान ६० ग्रॅम प्रथिनं तेव्हाही पोटात जायलाच हवीत.

दुसऱ्या ऑपरेशनबद्दल रुग्णांना आधी सांगावं असं बरंच आहे. पहिल्या खेपेच्या जागी अवयव एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे गळती आणि रक्तस्रावाची जोखीम वाढते. स्लीव्हचं बायपास केलं, तरी पहिल्यासारखी घसरण सहसा होत नाही. आतड्याचा जास्त भाग वगळणाऱ्या ऑपरेशनांत वजन अधिक उतरतं, पण प्रथिनं, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व कमी पडण्याची टांगती तलवार कायमची. ज्यांना पहिल्या ऑपरेशननंतरच्या गोळ्याच नियमित घेता आल्या नाहीत, त्यांच्यासाठी मला या ऑपरेशनची खरंच भीती वाटते.

स्लीव्हनंतरची जळजळ मात्र वेगळी मोजा. फिनलंडच्या दहा वर्षांच्या अभ्यासात अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्क्यांना, तर बायपासवाल्यांपैकी ७ टक्क्यांना आढळली. रात्री आंबट पाणी घशाशी येऊन जाग येत असेल आणि गोळ्यांनी थांबत नसेल, तर वजन कितीही असो, बायपासचा विचार रास्त आहे.

पैशांचंही आधी पाहा. आपल्याकडे आरोग्य विम्याच्या नियमात या ऑपरेशनसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ४०, किंवा गंभीर सहव्याधी, म्हणजे लठ्ठपणाच्या जोडीचा आजार, असेल तर ३५ ही अट आहे. १५८ सेंटिमीटर उंचीच्या या बाईंचा बीएमआय पूर्वी ४५ होता, पाचव्या वर्षी ९१ किलोंवर साडेछत्तीस. पहिल्या वेळी सहज बसलेली अट मग सहव्याधीच्या कागदांवर टेकते.

आणि येताना जुनी फाईल आणा. डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशनची सविस्तर नोंदही लागते: जठर कापताना माप म्हणून किती जाडीची नळी घातली होती, बायपास असेल तर आतड्याचा किती सेंटिमीटर भाग वगळला. ती नोंद हॉस्पिटलकडे मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. गृहस्थांची फाईल पावसात भिजली होती. हॉस्पिटलकडून नवी प्रत मिळवायला तीन आठवडे लागले, आणि सर्जननी तोवर तारीख दिली नाही. बाईंना तारीख लागलीच नाही. गोळीची मात्रा बदलली, रात्रीच्या देखभालीला नणंद येऊ लागली, दुपारच्या चहाबरोबर आता उकडलेलं अंडं असतं. गेल्या महिन्यात वजन ८६ भरलं.