विचारमंथन (बैठकतंत्र)

विचारमंथन : एखाद्या ठरावीक प्रश्नावर गटाने एकत्र बसून, सुचणाऱ्या कल्पनांची लगेच चिकित्सा न करता, त्या शक्य तितक्या संख्येने गोळा करण्याची बैठकपद्धती. अमेरिकेतील बीबीडीओ या जाहिरातसंस्थेचे एक संस्थापक अ‍ॅलेक्स ऑसबर्न यांनी ती १९३९ च्या सुमारास आपल्या कार्यालयात सुरू केली व पुढे पुस्तकांतून तिचा प्रसार केला. मराठीत परिसंवादालाही सर्रास विचारमंथन म्हणतात. परंतु परिसंवादात खंडन-मंडन अपेक्षित असते, तर येथे नेमके तेच पुढे ढकललेले असते.

ऑसबर्न यांचे नियम चार : टीका करू नये, अचाट वाटणारी कल्पनाही मांडावी, संख्येवर भर द्यावा आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालावी. यांपैकी पहिला नियम सर्वांत मोलाचा व पाळायला सर्वांत अवघड आहे, कारण साहेबांच्या कपाळावर एक आठी दिसली तरी नवखा कर्मचारी तोंडाशी आलेली कल्पना गिळून टाकतो.

गटात बसल्याने कल्पना वाढतात, हा समज मात्र प्रयोगांत टिकला नाही. येल विद्यापीठात १९५८ मध्ये झालेल्या अभ्यासात, चार जणांच्या गटापेक्षा स्वतंत्रपणे विचार करणाऱ्या चौघांच्या एकत्रित कल्पना, पुनरुक्ती वगळूनही, जवळजवळ दुप्पट भरल्या. मिखाएल डील व वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये त्याचे एक प्रमुख कारण दाखवले : एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि आपली पाळी येईपर्यंत इतरांचे विचार खुंटतात किंवा विसरले जातात. गटबैठक ही एकट्याच्या चिंतनाला केवळ पूरक आहे, असे खुद्द ऑसबर्न यांचेही म्हणणे होते; प्रसाराच्या भरात ते मागे पडले.

या दोषावर बेर्न्ट रोरबाख यांनी १९६८ मध्ये जर्मनीत मांडलेली ‘६-३-५’ पद्धत हा साधा आणि परिणामकारक उपाय होय. तीत सहा जण प्रत्येकी तीन कल्पना पाच मिनिटांत कागदावर लिहितात आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवतात. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, १०८ नोंदी होऊ शकतात. समजा, प्रश्न कँटीनमधील दुपारच्या रांगेचा आहे. एकाने ‘विभागवार जेवणाच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात’ असे लिहिले, तर त्याखाली शेजारी ‘कुपने सकाळीच वाटावीत’ अशी भर घालतो. बोलायला बुजणाऱ्याची ओळ त्यामुळे इतरांच्या ओळींइतक्याच जागेत कागदावर येते, आणि निवड सर्व कागद वाचून झाल्यावरच सुरू होते.