अमीबाजन्य मेंदूज्वर : उपचार

गोड्या पाण्यात मोकळा राहणारा अमीबा मेंदूत शिरल्याने होणारा दुर्मीळ आणि बहुधा जीवघेणा आजार. वर्तमानपत्रांनी ज्याला ‘मेंदू खाणारा अमीबा’ म्हटले, तो नेग्लेरिया फाउलेरी. माल्कम फाउलर आणि आर. एफ. कार्टर यांनी 1965 मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील रुग्णांवरून या आजाराचे वर्णन केले. जातीचे नाव फाउलरांवरून पडले. कोमट तळी, ओढे, नीट क्लोरीन न टाकलेले तरणतलाव ही त्याची घरे. हे पाणी प्यायल्याने आजार होत नाही. ते नाकात जोराने गेले, तर अमीबा गंधाच्या चेतातंतूंच्या वाटेने, नाकाच्या छतातील चाळणीसारख्या हाडातून मेंदूत पोहोचतो. आव पाडणारा अमीबा निराळा. त्याच्यावर चालणारे मेट्रोनिडाझोल येथे उपयोगी पडत नाही.

उपचाराची खरी अडचण औषधापेक्षा वेळेची आहे. पाण्यात उतरल्यावर साधारण 1 ते 12 दिवसांत ताप, असह्य डोकेदुखी आणि उलट्या सुरू होतात; मग मान ताठ होते, झटके येतात. लक्षणे दिसल्यापासून बहुतेक रुग्ण पाच-सहा दिवसांत दगावतात. पाठीतून काढलेले पाणी (मेरुद्रव, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव) तपासले, तर चित्र जिवाणूंच्या मेंदूज्वरासारखेच दिसते, फक्त जिवाणू सापडत नाहीत. अशा वेळी ते पाणी फ्रीजमध्ये न ठेवता ताजेच सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर सरपटणारे अमीबा दिसू शकतात. पीसीआर चाचणीने खात्री होते. पण ‘मुलगा तळ्यात पोहला होता का?’ हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, तर तपासणी तिथवर जातच नाही.

मुख्य औषध ॲम्फोटेरिसिन बी. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत महाराष्ट्रात ज्याची शोधाशोध झाली, तेच. हे बुरशीवरचे औषध अमीबावर चालते, कारण दोघांच्याही पेशीपटलात एर्गोस्टेरॉल हा मेदासारखा घटक असतो. ते शिरेतून आणि मेरुद्रवातही देतात. मूत्रपिंडांना ते जड जाते. तरी नेग्लेरियासाठी लायपोसोमल (मेदाच्या सूक्ष्म पुटिकांत भरलेल्या) प्रकारापेक्षा जुने, साधे ॲम्फोटेरिसिनच पसंत केले जाते. जोडीला रिफाम्पिसिन, फ्लुकोनाझोल, ॲझिथ्रोमायसिन आणि मिल्टेफोसिन. मिल्टेफोसिन आधी कर्करोगासाठी तपासले गेले आणि भारतात 2002 मध्ये काळा आजारावरची गोळी म्हणून आले. थोडक्यात, या रोगाचे स्वतःचे असे औषध नाहीच, सगळी उसनवारी. मेंदूची सूज उतरवणे हे तितकेच मोठे काम, त्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, साचलेला द्रव काढतात, कधी शरीराचे तापमान उतरवतात.

अमेरिकेत 1962 ते 2023 या काळात 164 रुग्ण नोंदले गेले, वाचले फक्त चार. 2013 मध्ये तेथे दोन मुलांना मिल्टेफोसिन मिळाले. एका मुलीचे निदान आजारी पडल्यावर सुमारे 30 तासांत झाले. शरीर थंड ठेवण्याचा उपायही झाला आणि ती पूर्ण बरी झाली. दुसऱ्या मुलाचे निदान काही दिवसांनी झाले. तोही वाचला, पण मेंदूला कायमची इजा होऊन.

केरळमध्ये 2024 मध्ये हाच धडा पुन्हा दिसला. कोझिकोड जिल्ह्यातील 14 वर्षांचा मुलगा लवकर निदान आणि मिल्टेफोसिन यांमुळे वाचला. भारतात असे वाचण्याची ही पहिली घटना म्हणून तिची बातमी झाली. त्याच वर्षी राज्याने उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. 2025 मध्ये तेथे रुग्णांची संख्या बरीच वाढली. मात्र त्या सगळ्यांच्या मुळाशी नेग्लेरियाच होता असे नाही, त्यामुळे केरळचे आणि अमेरिकेचे मृत्युदर शेजारी ठेवून तुलना करणे फसवे ठरते.

मेंदूत शिरणारे दुसरे मोकळे अमीबा म्हणजे अकँथअमीबा आणि बालामुथिया मँड्रिलारिस. त्यांचा संसर्ग आठवडे-महिने रेंगाळतो. अकँथअमीबा विशेषतः प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांना गाठतो, बालामुथिया धडधाकट माणसालाही सोडत नाही. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गासाठी युरोपात वापरले जाणारे जुने औषध, नायट्रोक्सोलिन, कॅलिफोर्नियात बालामुथियाच्या एका रुग्णाला देऊन पाहिले, तो वाचला. हे वृत्त 2023 मध्ये प्रसिद्ध झाले.

जलनेती करणाऱ्यांसाठी एक पथ्य : पाणी उकळून थंड केलेले हवे, नळाचे नाही. 2011 मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोघे याच आजाराने दगावले.