उशीवरचे सोळा चंद्र

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी तो मेसेज फिरतो. ‘रस्त्यावरच्या पांढऱ्या दिव्यांमुळे शरीरातलं मेलॅटोनिन बंद पडतं, त्याने कॅन्सर होतो, आजच काळे पडदे लावा, दहा जणांना पाठवा.’ पाठवणाऱ्या काकांची बेडरूम मागच्या बाजूला, आंब्याच्या झाडाआड आहे. माझी रस्त्याच्या बाजूला. दुसरा मजला, खिडकीपासून जेमतेम पंचवीस फुटांवर खांब, आणि दिवा बरोबर खिडकीच्या पातळीला. पूर्वी तिथे सोडियमचा पिवळा दिवा होता. त्याच्या उजेडात खोली जुन्या फोटोसारखी दिसायची, पण झोप लागायची. मग तो काढून एलईडी बसवला आणि पहिल्याच रात्री मी दोन वाजता उठून घड्याळ पाहिलं. सकाळ झाली असं वाटलं होतं.

हे फक्त माझ्याच नशिबी आलं नाही. केंद्र सरकारची पथदिवे बदलण्याची योजना 5 जानेवारी 2015 ला सुरू झाली आणि तेव्हापासून देशभर एक कोटीहून अधिक दिवे बदलले गेले. विजेची बचत खरी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण काकांच्या मेसेजमधलं किती खरं आणि किती पतंगबाजी, हे पाहताना मी एका बेडकापाशी पोहोचलो. हा लेख खरं तर त्या बेडकासाठीच आहे.

आधी मोजमाप. मोबाईलला पुढच्या कॅमेऱ्याजवळ उजेड मोजणारा सेन्सर असतो, त्याचा आकडा लक्स या उजेडाच्या मापात दाखवणारी ॲप फुकट मिळतात. कमी उजेडात ती फार विश्वासू नसतात, पण अंदाज येतो. माझ्या उशीवर, पातळ पडदा ओढलेला असताना, 4 लक्स. भर दुपारच्या उन्हात 1 लाख लक्स असतात, तर डोक्यावरच्या पूर्ण चंद्राचा उजेड पाव लक्सच्या आसपास. म्हणजे माझ्या उशीवर रोज सोळा चंद्र उगवतात. (कोजागरीच्या मसाला दुधात चंद्रकिरणांनी औषधी गुण उतरतात असं सांगणाऱ्यांसाठी: चंद्रकिरण म्हणजे परावर्तित ऊनच, आणि तेही चार लाख पटींनी पातळ केलेलं. गुण वेलदोड्यात आणि केशरात असतील तेवढेच.)

आता बेडूक. 1917 साली दोन अमेरिकन संशोधकांच्या लक्षात आलं की गाईगुरांच्या मेंदूतल्या पीनियल या चिमुकल्या ग्रंथीचा अर्क पाण्यात टाकला की त्यातल्या बेडकाच्या पिलांची कातडी फिकट होते. कातडीतल्या काळ्या रंगाच्या पेशींमधले कण पसरलेले असतात, ते मध्यभागी गोळा होतात. येल विद्यापीठातला त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर याने पुढे ते उचललं. त्याला कोडावर औषध शोधायचं होतं. कत्तलखान्यांतून हजारो पीनियल ग्रंथी मिळवून त्याने 1958 साली त्यातलं द्रव्य वेगळं केलं आणि मेलॅनिन या कातडीतल्या काळ्या रंगद्रव्यावरून त्याला मेलॅटोनिन नाव दिलं. माणसाच्या कातडीवर त्याचा काडीइतका परिणाम झाला नाही. कोड तसंच राहिलं आणि जगाला रात्रीचं संप्रेरक मिळालं.

हे संप्रेरक अंधार पडला की वाढतं, पहाटेकडे उतरतं आणि डोळ्यांवर उजेड पडला की दबतं. ते झोपेचं औषध नाही, ‘आता रात्र आहे’ अशी शरीरभर दिलेली दवंडी आहे. पण मग डोळ्यातलं कोण त्या ग्रंथीला उजेडाची खबर देतं? शाळेत आपण शिकलो की दृष्टिपटलात दोनच प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात: मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी आणि रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी. दीडशे वर्षं सगळ्यांनी तेच मानलं. पण हिशेब जुळत नव्हता. दंड आणि शंकू दोन्ही नसलेले उंदीरही उजेडाप्रमाणे आपलं घड्याळ लावून घेत होते. 1995 साली तर असं दिसलं की ज्यांना काहीच दिसत नाही अशा काही अंध माणसांच्या डोळ्यांवर प्रखर उजेड टाकला तरी मेलॅटोनिन उतरतं. डोळा आंधळा, पण कुणीतरी आत जागं होतं.

ते कुणीतरी सापडलं पुन्हा बेडकाच्या कातडीत. आफ्रिकेतल्या एका पाणबेडकाच्या त्याच काळ्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या तरी उजेडाला प्रतिसाद देतात. बशीत डोळा नाही, मेंदू नाही. इग्नासियो प्रोव्हेन्सियो आणि सहकाऱ्यांनी 1998 साली त्यांतला प्रकाश पकडणारा रेणू शोधला आणि त्याला मेलॅनॉप्सिन म्हटलं. दोनच वर्षांत तो माणसाच्या दृष्टिपटलात मिळाला. दंड-शंकूंच्या थरात नव्हे, मेंदूकडे तारा नेणाऱ्या गुच्छिका पेशींच्या थरात, जिथे कुणी शोधलाच नव्हता. 2002 साली डेव्हिड बर्सन यांच्या गटाने दाखवलं की दंड-शंकूंकडून येणारे निरोप तोडले तरी या पेशी उजेड पडताच स्वतःहून संदेश पाठवू लागतात. ज्या कातडीने मेलॅटोनिनला नाव दिलं, त्याच कातडीने मेलॅटोनिनला दाबणारी पेशीही दाखवून दिली. मला या योगायोगाचा अजून कंटाळा आलेला नाही.

या पेशींचा स्वभाव पाहा. दंड आणि शंकू पेशी उजेड पडला की शांत होतात. त्यांचा विद्युतभार खाली जातो आणि त्या रसायन सोडणं कमी करतात. मेलॅनॉप्सिनवाल्या पेशी उलट, उजेड पडला की उत्तेजित होतात. माशीच्या डोळ्यातली पेशी असंच करते. मेलॅनॉप्सिनची जातकुळीही पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांच्या प्रकाशरेणूंशी अधिक जुळते. प्रकाशाचा कण शोषला की रेणूतला रेटिनल नावाचा वाकडा तुकडा सरळ होतो, त्याला जोडलेलं प्रथिन एका विकराला ढोसतं, विकर पेशीच्या पडद्यातल्या मेदाचे तुकडे करतो, आणि त्यातून शेवटी धन आयन आत घेणाऱ्या वाहिन्या उघडतात. इतक्या पायऱ्या असल्यामुळे ही पेशी सुस्त आहे. काही सेकंदांनी जागी होते आणि उजेड गेल्यावरही बराच वेळ बोलत राहते. चित्र काढणं तिचं काम नाही. ती पाणीमीटरसारखी उजेडाची बेरीज करते. अशा पेशी एका डोळ्यात काही हजारच, आणि त्यांची सर्वाधिक नजर 480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे आकाशाच्या निळ्यावर.

आणि त्यांच्या निरोपाचा रस्ता! डोळ्यातून निघून तो मेंदूतल्या चौकापाशी, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या तारा एकमेकींना ओलांडतात तिथे, त्याच्या थेट वर असलेल्या शरीराच्या मुख्य घड्याळापर्यंत जातो. तिथून पीनियल ग्रंथी काही बोटांवर आहे. पण निरोप सरळ जात नाही. तो मेंदूच्या देठातून मानेत उतरतो, मज्जारज्जूतून छातीच्या वरच्या मणक्यांपर्यंत जातो, तिथून बाहेर पडून पुन्हा मानेतल्या एका चेतागंडात, म्हणजे चेतापेशींच्या गाठीत, चढतो आणि मग कुठे ग्रंथीला पोहोचतो. शेजारच्या घरी जायला एसटी स्टँडवरून वळसा. म्हणूनच मानेचा मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या माणसांत रात्रीचं मेलॅटोनिन जवळजवळ बनतच नाही. हीच ती ग्रंथी जिला ‘तिसरा डोळा’ म्हणून शिबिरांत जागृत करून देतात. बेडकांत आणि सरड्यांत पीनियलच्या परिवारातला एक अवयव खरोखर उजेड ओळखतो. आपली पीनियल मात्र ठार आंधळी आहे, डोळ्यांनी सांगितल्याशिवाय तिला काही कळत नाही. तिच्यासाठी पैसे भरण्यापेक्षा सरडा व्हा.

आता माझ्या दिव्याकडे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. 450 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या चिपवर पिवळा प्रकाश देणारी पूड लावलेली असते, दोन्ही मिसळून पांढरं दिसतं. सोडियमच्या दिव्यात निळा भाग अगदी थोडा. त्यामुळे लक्समीटर दोन्हींना 4 म्हणत असला, तरी मेलॅनॉप्सिनला थंड पांढऱ्या एलईडीचे 4 लक्स तिप्पट-चौपट वाटतात. म्हणूनच अमेरिकन वैद्यकीय संघटनेने 2016 साली पथदिवे 3000 केल्विन किंवा त्याहून कमी, म्हणजे पिवळसर असावेत असं सुचवलं. इथवर काकांचा मेसेज बरोबर.

पण झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवर पापण्या असतात. पापणी म्हणजे रक्ताने भरलेली लाल काच. तिच्यातून लाल उजेड पाच-सहा टक्के आत येतो, निळा शंभरात एखादा भाग. माझ्या 4 लक्समधल्या निळ्याची मिटल्या डोळ्यांमागे उरलेली किंमत चंद्राच्याही खाली. मेलॅटोनिनला दाबायला ती पुरत नाही. 2019 साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका प्रयोगात उघड्या डोळ्यांवर तासन्‌तास उजेड टाकला, तेव्हा सरासरी 25 लक्सच्या आसपास मेलॅटोनिन निम्म्यावर आलं. माणसामाणसांतला फरक मात्र पन्नास पटींचा. आता रात्री दहा वाजता आपल्या हॉलमधल्या पांढऱ्या ट्यूबखाली मीटर धरा. माझ्याकडे 140 दिसले. रोज तीन तास 140 लक्समध्ये मालिका बघायची आणि मग डोळे मिटून खांबाला शिव्या द्यायच्या, हा माझा दिनक्रम होता. कॅन्सरचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2007 साली ‘बहुधा कर्ककारक’ यादीत टाकलं ते वर्षानुवर्षं रात्रपाळी करण्याला. खिडकीतल्या खांबाला नव्हे.

मग माझी झोप का मोडत होती? कारण मेलॅटोनिन हा एकच रस्ता नाही. दंडपेशी फार हळव्या असतात, पापणीआडूनही त्यांना उजेड-अंधारातला बदल कळतो. रात्रीत आपण अनेकदा क्षणभर जागे होतो आणि विसरतो. त्या क्षणी खोली काळी असेल तर पुन्हा बुडी मारतो, खोलीत भिंतीवर पडद्याची नक्षी हलत असेल तर नाही. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात 2022 साली तरुणांना एक रात्र डोक्यावर 100 लक्स ठेवून झोपवलं. हृदयाचे ठोके वाढले, सकाळी इन्सुलिनला प्रतिसाद कमी झाला. मेलॅटोनिन मात्र फारसं बदललंच नव्हतं. शरीर डोळे मिटूनही अर्धवट सावध होतं. प्रयोग वीस जणांचा आणि उजेड माझ्या पंचवीस पट, तेव्हा त्यावरून ग्रुपवर मेसेज टाकू नये.

उपाय आधी खांबावर शोधला. तक्रार दिली, तिचा नंबर आला, आणि तीन महिने काही झालं नाही. मग एक दिवस शिडीची गाडी दिसली तेव्हा मीच खाली धावलो.

“दादा, हा दिवा बघा ना, तोंड वर करून बसवलाय.”

“काका, बंद करायला सांगू नका. रात्री अकराला इथून बायका कामावरून येतात.”

“बंद नको. फक्त खाली बघू दे त्याला.”

त्याने पाना लावून दिवा वाकवला. दहा-पंधरा अंश असेल. एलईडीचा उजेड भिंगांनी ठरावीक दिशेला फेकलेला असतो, त्यामुळे तेवढ्याने रस्ता आधीपेक्षा उजळ झाला आणि उशीवर 4 चे 2 लक्स झाले. मागच्या बाजूला पत्र्याची पट्टी लावली असती तर आणखी कमी झाले असते, पण पट्टी ‘स्टोअरला नाही’.

उरलेल्या आठ चंद्रांसाठी जाड पडदा आणला आणि फसलो. पातळ पडदा उजेड पसरवतो, जाड पडदा कडांनी गळतो. रॉडवरच्या फटीतून निघालेला पट्टा पांढऱ्या छतावर पडायचा आणि छतच दिवा व्हायचं. शिवाय मे महिन्यात खिडकी बंद ठेवणार कोण? पंख्याने पडदा फुगला की उजेड चापट मारून जायचा.

मग नववीची भूमिती आठवली. आख्खी खिडकी झाकायचीच कशाला? बायकोची उशी कपाटाच्या आडोशाला आहे, अंधार हवा तो फक्त माझ्या दीड फुटावर. दिवा पंचवीस फूट, खिडकीपासून उशी आणखी सहा फूट. समरूप त्रिकोणांनी खिडकीत लागणारी आड सव्वा फूट रुंद निघते. दिवा बिंदू नसून फूटभर लांब आहे, म्हणून सावलीच्या कडा धूसर होतात, त्यासाठी आणखी दोन-तीन इंच. म्हणजे टीव्हीच्या खोक्याचा एक तुकडा पुरे, वारा बाकीच्या खिडकीतून येऊ दे.

रात्री साडेदहाला मी उशीवर डोकं ठेवून पडलो आणि बायको खोक्याचा पुठ्ठा ग्रिलला धरून उभी राहिली. “डावीकडे. अजून. थोडा खाली.” दिव्याची कड पुठ्ठ्यामागे गेली, मोबाईलवर आकडा 0 झाला. सुतळी कुठे ठेवली आहे, असं तिने विचारलं. मी उठलो नाही.