हवाईतल्या देवळांचं वय प्रवाळाला विचारा

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका दगडी मूर्तीचा फोटो आला. खाली ओळ: ‘कार्बन डेटिंगने सिद्ध, ९००० वर्षं जुनी!’ पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग. अहो, दगडाचं कार्बन डेटिंग होतच नाही! जे कधीतरी जिवंत होतं, म्हणजे लाकूड, हाड, बी, शिंपला, त्याचंच होतं. आणि तिथेही वय नेमकं कशाचं निघालं, हा प्रश्न उरतोच. हवाईच्या पुरातत्त्वज्ञांना या प्रश्नाने चांगलंच दमवलं.

हवाईत जुनी खापरं सापडत नाहीत. तिथे पोहोचलेल्या पॉलिनेशियन, म्हणजे पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या, लोकांनी मातीची भांडी करणं आधीच सोडलं होतं. आपल्याकडे जोर्वे, इनामगावच्या उत्खननांत जुनं-नवं ठरवायचं जे काम खापरांनी केलं, ते तिथे हाडाच्या मासेमारी गळांवर आलं. केनेथ एमरी आणि योशिहिको सिनोतो या पुरातत्त्वज्ञांनी दोरी बांधायच्या टोकाची घडण पाहून गळांचा क्रम लावला. पण क्रम लागला म्हणजे साल कळलं असं नाही.

साल कळलं ते कोळशातून. एमरींनी १९५० मध्ये ओआहू बेटावरच्या कुलिओउओउ इथल्या कपारीत उत्खनन केलं आणि तिथला कोळसा शिकागोला, कार्बन डेटिंगची पद्धत शोधणाऱ्या विलर्ड लिबींकडे पाठवला. उत्तर आलं: इ.स. १००४, १८० वर्षं मागेपुढे. पुढे इतर ठिकाणांहून याहून जुने आकडे येत गेले आणि हवाईतली वस्ती चौथ्या-पाचव्या शतकातली असं पुस्तकांत छापलं गेलं.

घोळ झाला तो लाकडात. झाड दरवर्षी बाहेरून एक नवं कडं चढवतं. आतलं कडं हवेतला कार्बन घेणं केव्हाच थांबवतं. त्यातला कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो, आणि हे घड्याळ त्या कड्यापुरतं तेव्हाच सुरू होतं. ३०० वर्षांच्या झाडाचा गाभा आज चुलीत घातला, तर कोळसा म्हणेल, ही चूल ३०० वर्षांपूर्वी पेटली. हवाईच्या किनाऱ्याला तर उत्तर अमेरिकेतून डग्लस फरचे ओंडके वाहत येऊन लागतात. म्हणून आता कोळसा कुठल्या झाडाचा हे आधी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात आणि बारीक काटक्या किंवा कुकुई या झाडाच्या बियांची टरफलं निवडतात, कारण त्यांचं आयुष्यच थोडं. २०११ मध्ये पूर्व पॉलिनेशियातल्या १४३४ तारखा अशा चाळून काढल्या, तेव्हा हवाईतली वस्ती थेट तेराव्या शतकात आली. २०१४ च्या दुसऱ्या अभ्यासाने ती ९४० ते ११३० मध्ये बसवली. वाद आहे, पण चौथं शतक गेलं ते गेलंच.

आता देवळं. हवाईत त्यांना हेइआऊ म्हणतात. चुना-माती न वापरता रचलेले दगडी चौथरे. इथे चांगला कोळसा मिळूनही भागत नाही. हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण कमीजास्त होत आलं आहे, त्यामुळे मोजलेला आकडा झाडांच्या कड्यांवरून बनवलेल्या आलेखाशी जुळवावा लागतो. १६५० नंतर हा आलेख असा नागमोडी जातो की एकाच मोजणीला तीन-चार सालं लागू पडतात.

म्हणून पॅट्रिक कर्च आणि वॉरेन शार्प या संशोधकांनी माउई बेटावरच्या देवळांत अर्पण केलेल्या प्रवाळाच्या फांद्या घेतल्या. जिवंत प्रवाळ समुद्राच्या पाण्यातून युरेनियम घेतो. थोरियम पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे तो सुरुवातीला नसल्यात जमा असतो. पुढे युरेनियमपासून थोरियम-२३० साठत जातो. दोघांचं गुणोत्तर मोजलं की वय मिळतं, तेही अवघ्या काही वर्षांच्या फरकाने. फांदीवरचे बारीक उंचवटे शाबूत असले, तर ती लाटांनी घासून किनाऱ्यावर आलेली नाही, कोणीतरी जिवंतच तोडून आणली आहे. आणि ती भिंतीच्या आत, भरावात सापडली, तर फांदी तुटण्याची आणि भिंत रचण्याची वेळ एकच धरता येते.

२००५ च्या त्या अभ्यासात ही देवळं साधारण १५८० ते १६४० या ६० वर्षांत उभी राहिलेली निघाली. तोवर त्यांना अडीचशे वर्षं लागली असावीत असा अंदाज होता. दोन-तीन पिढ्यांत एवढे दगड हलवायचे, तर हुकूम सोडणारा मुखिया चांगलाच जबरदस्त असणार.