मद्य जाहिरात निर्बंध (मराठवाडा)

दारू विकत घेण्याचे वय न झालेल्या मुलामुलींना मद्याची भुरळ पडू नये, हा या निर्बंधांमागचा एक प्रमुख हेतू. महाराष्ट्रात बिअर व वाईनसाठी हे वय २१, तर इतर मद्यांसाठी २५ आहे. अकरावी-बारावी आणि ‘नीट’साठी लातूर-नांदेडला खोली करून राहणारी मुले दोन्ही मर्यादांच्या बरीच खाली असतात.

मूळ तरतूद महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम २४ मध्ये आहे. मादक पदार्थ देऊ करणारा किंवा घेण्याचा आग्रह करणारा मजकूर छापणे, लावणे, वाटणे यांस त्यात मनाई आहे. ‘मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा’ (१९५१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्याच्या नुसत्या प्रशंसेवरील बंदी भाषणस्वातंत्र्याच्या विरोधात जाते म्हणून अवैध ठरवली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आल्यावर पुढे हा कायदा इकडे लागू झाला.

दूरचित्रवाणीसाठी केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील नियम ७ आहे. त्याने मद्याची प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष जाहिरात बंद केली आणि कंपन्यांनी त्याच नावाचा सोडा, पाणी, संगीताच्या सीडी बाजारात आणल्या. या सोड्याच्या जाहिरातीत तहानलेला माणूस सहसा नसतो. मित्रांची टोळी, गच्ची आणि रात्र मात्र असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा छुप्या (सरोगेट) जाहिरातींना मनाई केली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

मराठवाड्यात खरा प्रश्न रस्त्यावरच्या पाटीचा आहे. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांलगतची दारूदुकाने हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा ५०० मीटरच्या मोजणीची चर्चा गावोगाव झाली. दारू उपलब्ध असल्याचे फलक आणि जाहिरातीही महामार्गांवरून तत्काळ काढाव्यात, असेही त्याच आदेशात होते. त्याची आठवण फारशी कुणी काढली नाही. अंतराची अट पुढे शहरहद्दीत सैल झाली. धुळे-सोलापूर रस्त्यासारख्या वर्दळीच्या मार्गांवर ढाबा, परमिट रूम आणि ‘फॅमिली रेस्टॉरंट’ एकाच पाटीवर नांदू शकतात. बिअर शॉपीच्या पाटीवर मधे दुकानाचे नाव, दोन्ही अंगांना कंपनीचा रंग आणि बोधचिन्ह, तळाशी बारीक अक्षरात परवाना क्रमांक, अशी मांडणी असेल तर तिला दुकानाची ओळख म्हणावे की जाहिरात, हा वाद घालता येतो. दुकानांना मराठी पाट्या सक्तीच्या करणाऱ्या २०२२ च्या कायदादुरुस्तीने मद्यविक्रीच्या ठिकाणांना थोर व्यक्ती आणि गडकिल्ल्यांची नावे द्यायला बंदी केली. भावना दुखावू नयेत म्हणून ते ठीकच, पण पोरांच्या नजरेला नाव कमी आणि रंग जास्त भिडतो.

छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत बिअर आणि मद्याचे मोठे उत्पादन होते. २०१६ च्या दुष्काळात, लातूरला रेल्वेने पाणी येत असताना, औरंगाबाद खंडपीठाने मद्यउद्योगाच्या पाण्यात आधी ५०, मग ६० टक्के कपात करायला लावली. पाण्यावरून उठला तसा गदारोळ जाहिरातींवरून उठलेला नाही.

हातभट्टीपुढे ही सगळी तरतूद निरुपयोगी ठरते. तिला जाहिरात लागतच नाही. परवानाधारक दुकानाविरुद्ध मात्र गावातील महिलांना मतदान मागता येते. मतपत्रिकेवर उभी आणि आडवी बाटली असते. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवीला कौल दिला की दुकान बंद.

फलकाची तक्रार राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांकडे करता येते. छुप्या जाहिरातीची तक्रार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. भारतीय जाहिरात मानक परिषदही (स्थापना १९८५) तक्रारी घेते. मात्र ती जाहिरात व्यवसायाने स्वतःच उभारलेली स्वनियमन संस्था आहे आणि दंड करण्याचा अधिकार तिला नाही.