‘हाउंड डॉग’ नेमकं कोणाचं?

‘हाउंड डॉग’ हे गाणं ब्लूज गायिका बिग मामा थॉर्न्टन यांनी लिहिलं आणि एल्विस प्रेस्लीने ते चोरलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. गाणं जेरी लीबर आणि माइक स्टोलर यांचं. १९५२ साली लॉस एंजेलिसमध्ये थॉर्न्टन यांना गाताना ऐकून, खास त्यांच्या आवाजासाठी, १९ वर्षांच्या या दोघांनी ते काही मिनिटांत रचलं. ध्वनिमुद्रण १३ ऑगस्टला झालं. त्यातलं गुरगुरणं, आरोळ्या, पीट लुइस यांच्या गिटारशी रंगलेली जुगलबंदी मात्र थॉर्न्टन यांचीच कमाई, आणि तिचं मोल त्यांच्या पदरात कधीच पुरेसं पडलं नाही. बँडप्रमुख जॉनी ओटिस यांनीही सहगीतकार म्हणून हक्क सांगितला होता. न्यूयॉर्कच्या न्यायालयात तो टिकला नाही.

एल्विसने गायलेलं रूप थॉर्न्टन यांच्या रेकॉर्डवरून घेतलेलं नाही. मूळ गाण्यात एक बाई ऐतखाऊ पुरुषाला दारातून हाकलते. एल्विस गातो ती ‘तू कधी ससाही पकडला नाहीस’ ही ओळ त्यात नाहीच. ती फ्रेडी बेल आणि त्यांच्या ‘बेलबॉइज’ या बँडच्या १९५५च्या रेकॉर्डमधली. १९५६मध्ये एल्विसने लास व्हेगासला त्यांचा कार्यक्रम पाहिला आणि २ जुलैला न्यूयॉर्कमध्ये तेच रूप मुद्रित केलं. थॉर्न्टन यांनी स्वतः लिहिलेलं गाणं ऐकायचं असेल, तर ते ‘बॉल अँड चेन’.